जोसायाशेठ आणि राजापूरची फळी

भालूभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी फोनवर गॅरेजवाल्याशी भांडत होते. ब्रेक बदलले असं तो छातीठोकपणे सांगत होता आणि गाडी तर सकाळीच सिग्नलपाशी रेड्यासारखी रेकली होती. तेवढ्यात लॅबमधला दुसरा फोन वाजला. तो दुसऱ्या कानाला लावला तर पलीकडून नलिनी. "सुमन, हे गेले गं." मी म्हटलं, "आता कुठे गेले? लायब्ररीत असतील, नाहीतर धक्क्यावर. जेवायच्या वेळेला येतात की बरोबर!" नलिनी काहीच बोलली नाही... आणि त्या न बोलण्यातून मला कळलं. गॅरेजवाला दुसऱ्या कानात अजून ब्रेकचंच पुराण सांगत होता. माझी तरी काय चूक? इतक्या वर्षांत भालूभाऊजी 'गेले' या शब्दाचा आमच्याकडे एकच अर्थ होता. जोसायाशेठच्या मागे गेले. मे महिन्यातली ही गोष्ट. आता ऑगस्ट लागलाय, आणि त्यांच्याबद्दल रडत लिहायचं ठरवून मी दोनदा बसले, दोन्ही वेळा हसायलाच यायला लागलं. तेव्हा आता जसं येईल तसं लिहिते.

भालचंद्र शेट्ये, मूळ गाव राजापूर, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, बायको नलिनी, मुलगी अपर्णा. माझा नवरा सुधाकर आणि ते इथे अमेरिकेत शिकायला आले तेव्हा एका खोलीत राहायचे, म्हणून मी लग्न होऊन आल्यापासून ते माझे भाऊजी आणि मी त्यांची वहिनी. मी नागपूरची, त्यातून पॅथॉलॉजिस्ट. माझे पेशंट सहसा उलट बोलत नाहीत, त्यामुळे भांडायला मला कोणीतरी लागायचं, आणि ती गरज भाऊजींनी शेवटपर्यंत निष्ठेने भागवली. आणि जोसायाशेठ म्हणजे? ते आमच्या गावचे. बॉस्टनच्या वरच्या अंगाला किनाऱ्यावर आमचं हे छोटंसं गाव आहे, तिथे दोनशे वर्षांपूर्वी जोसाया थॅक्सबी नावाचा एक गडगंज व्यापारी होऊन गेला. इथल्या शाळेतल्या पोरांना त्याचं नाव परीक्षेपुरतं माहीत असतं. आमच्या मराठी मंडळातल्या पोराटोरांना मात्र त्याच्या घोड्याचं नावही पाठ होतं, आणि त्याला कारण एकटे भालूभाऊजी.

हे वेड लागलं ते चार जुलैच्या, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्यात. गावात दरवर्षी त्या दिवशी धक्क्यावर एक छोटं नाटक करतात. थॅक्सबीच्या वखारीत विलायतेहून आलेला चहा पडून असतो. इंग्लंडच्या राजाने त्या चहावर कर बसवलेला, लोक खवळलेले. जमाव येतो, वखारीचं दार काठीने ठोकतो, थॅक्सबी बाहेर येतो, स्वातंत्र्यावर एक भाषण ठोकतो आणि स्वतःच्या हाताने किल्ली जमावाच्या हवाली करतो. मग चहाच्या पेट्या धक्क्यावर आणून जाळतात आणि सगळे हॉट डॉग खायला मोकळे होतात. आम्ही नवीन राहायला आलो त्या वर्षी दोन्ही कुटुंबं चटई घेऊन बघायला गेलो होतो. मला ऊन लागत होतं, अपर्णाला आइस्क्रीम हवं होतं, आणि भालूभाऊजी उभे. किल्ली दिल्यावर सगळे बसले तरी हे उभेच! दुसऱ्या दिवशी लायब्ररी उघडायच्या आधी दारात हजर.

पुढे वर्षभर आम्हाला जेवताखाता दुसरा विषय नव्हता. शेठ कोण होते, तर राजाचा माल वाहणारे, राजाच्या आरमाराला खारवलेले मासे पुरवणारे, गव्हर्नरच्या पंगतीला बसणारे. काकवी, रम, कापड, चहा... ज्याला हात लावतील त्याचं सोनं होत होतं. राज्य बदलून या माणसाला मिळणार काय होतं? काही नाही! जाणार होतं मात्र सगळं. आणि तरी त्यांनी किल्ली दिली. मग आपली गलबतं बंडवाल्यांच्या कामाला लावली, त्यातली बरीच बुडाली, आणि म्हातारपणी हाच माणूस राज्याच्या सभेत बसून कायदे लिहू लागला. "वहिनी, कालपर्यंतचा शेठ आज बंडखोर कसा होतो? नेमक्या कुठल्या क्षणी होतो?" असं विचारताना भाऊजींच्या हातातली पोळी तशीच राहायची. मी म्हणायचे, "तो क्षण जेवणानंतर शोधा, भाजी गार होतेय."

गणेशोत्सवात आमच्या मंडळात एकदा वक्ता आला नाही, तर भाऊजी उभे राहिले आणि जोसायाशेठवर बोलले. हायस्कूलच्या कॅफेटेरियात, मागे थर्मोकोलचा गणपती, पुढे चिवड्याच्या कागदी प्लेटा. मी सांगते, काय बोलले! किल्ली देण्यापर्यंत आले तेव्हा मागच्या रांगेत ब्रिज खेळणारे पुरुषसुद्धा पत्ते पालथे टाकून ऐकत होते. त्या दिवसापासून 'मिस्टर थॅक्सबी' गेले आणि 'जोसायाशेठ' आले. कोणी घर घेताना घासाघीस केली की म्हणायचं, "अगदी जोसायाशेठ हं!"

आणि मग त्यांच्या डोक्यात ते शिरलं. धक्क्यावरच्या नाटकात शेठ आपण करायचे! ते काम वर्षानुवर्षं मिस्टर व्हिटलॉक करायचे, हार्डवेअरच्या दुकानाचे मालक, गावातलं जुनं घराणं. आता त्यांचे गुडघे गेले होते, म्हणून पुढे कोण, असा प्रश्न होता. सोहळ्याच्या समितीच्या अध्यक्ष त्यांचीच बायको, पांढऱ्या केसांच्या, ताठ कण्याच्या मिसेस व्हिटलॉक. भाऊजी सूट घालून त्यांच्याकडे गेले. अपर्णा तेव्हा कॉलेजात होती, ती म्हणाली, "बाबा, दे विल नेव्हर गिव्ह इट टू यू. यू नो दॅट, राइट?" भाऊजी म्हणाले, "विचारायला काय जातंय?" मिसेस व्हिटलॉकनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कॉफी दिली आणि अगदी मनापासून, काही वाईट हेतू नसताना म्हणाल्या, "पण मिस्टर शेट्ये, तुम्ही इंडियन फार छान दिसाल!"

आता इथे थोडं सांगायला हवं. चहा जाळणारा तो जमाव ओळखू येऊ नये म्हणून इथल्या मूळ रहिवाशांचा, ज्यांना इथे 'इंडियन' म्हणतात त्यांचा, वेष करून आला होता, तोंडाला काजळी नि डोक्यात पिसं खोचून. तेव्हा समितीला दरवर्षी असे 'इंडियन' लागायचे; पहिल्या वर्षी आम्ही ते बघितलं होतं, पण भाऊजी सोडले तर कोणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. ती जूनची अखेर होती, माणसं कमी पडत होती, आणि मिसेस व्हिटलॉकनी आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीला, कुंदा दामलेला, फोन केला, "जमतील तेवढे इंडियन पाठवा." कुंदाला एवढंच ऐकू आलं. तिने तासाभरात अख्खं मंडळ उठवलं. "अगं, गाव आपल्याला मान देतंय! नऊवाऱ्या काढा, फेटे काढा, एकजणही घरी राहायचं नाही!"

चार जुलैला आम्ही धक्क्यावर उतरलो ते लग्नाच्या वऱ्हाडासारखे. भगवे फेटे, पैठण्या, नथी, माझ्या नवऱ्याच्या पायात कोल्हापुरी वहाणा. मिसेस व्हिटलॉकच्या हातात पिसांची टोपली होती. त्या आमच्याकडे बघतात, आम्ही टोपलीकडे बघतो! शेवटी भालूभाऊजी पुढे झाले, टोपलीतलं एक पीस घेतलं आणि फेट्यात तुऱ्यासारखं खोचलं. झालं, बाकीच्यांनीही खोचलं. त्यात आमच्या सुशीलाकाकू, सत्तरीच्या, मुलाकडे आलेल्या. पेट्या जाळायची वेळ आली तशा त्या वाकून वास घेतात आणि ओरडतात, "अगं बाई, हा तर खरा चहा आहे!" वाळका पाला वाऱ्याने उडतो म्हणून समिती खराच चहा वापरायची. काकूंना तो जाळवेना. पेट्या पेटल्या, सगळ्या धक्क्यावर चहा उतू गेल्यासारखा वास सुटला, आणि काकूंच्या पदराच्या टोकाला दोन मुठी चहाची गाठ. लोक टाळ्या वाजवून बेजार. तो सबंध गोंधळ नाटकातलाच आहे असं त्यांना वाटलं. घरी आल्यावर मी भाऊजींना गाठलं. "शेठचं अवघं चरित्र तुम्हाला पाठ, आणि जमाव कसा आला होता हे ठाऊक नव्हतं? कुंदाला सांगितलं का नाही?" तर म्हणतात, "वहिनी, त्यांनी इंडियन मागितले. आपण इंडियन आहोत. माझं चुकलं कुठे?"

हसून हसून मुरकुंडी वळली, पण याची पुढे फार गंमत झाली, किंवा गंमत नाही झाली. गावाला ते फेटे इतके आवडले की पुढल्या वर्षी समितीने आधीच सांगून ठेवलं, तसेच या. त्याच्या पुढल्या वर्षीही. भालूभाऊजी गावाचे लाडके इंडियन झाले. बँकेत, पोस्टात, न्हाव्याकडे लोक हात उंचावून ओळख द्यायचे. आणि ते जितके लाडके झाले तितकं शेठचं काम त्यांच्यापासून लांब गेलं. दर वसंतात ते सूट घालून विचारायला जायचे आणि दर वेळी मिसेस व्हिटलॉक म्हणायच्या, "पण मग फेट्यांचं पुढारपण कोण करणार?" शेठचं काम एकदा शाळेच्या मुख्याध्यापकांनी केलं, एकदा एका दातांच्या डॉक्टरने, एकदा तर अशा गृहस्थाने ज्याला थॅक्सबी आणि थँक्सगिव्हिंग यातला फरक सांगावा लागला होता. भाऊजी जमावात पुढे उभे राहून दार ठोकायचे आणि घरी आले की गप्प बसायचे. मला त्यांचा राग यायचा. एवढा काय जीव टाकायचा एका हौशी नाटकातल्या कामासाठी? मी एकदा तसं बोललेही. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

मग लायब्ररीने त्यांना बोलावलं. इंग्रजीत भाषण, गावकऱ्यांसमोर, विषय जोसाया थॅक्सबी. खुर्च्या कमी पडल्या! त्या दिवशी एका तरुण शिक्षिकेने विचारलं, शेठच्या घरी गुलाम होते का? सभागृह जरा अवघडलं. भाऊजींनी लपवाछपवी केली नाही. म्हणाले, होती, एक स्वयंपाकीण होती. देशाच्या स्वातंत्र्यासाठी या माणसाने गलबतं दिली, पण त्या बाईला मोकळं केलं ते मृत्युपत्रात. "एक दार त्यांनी उघडलं, दुसरं जिवंतपणी उघडलं नाही. मी त्यांना संत म्हणत नाही. मला एवढंच कळून घ्यायचंय की ते एक तरी कसं उघडलं." आणि हसून पुढे म्हणाले, "तुमच्या सोहळ्यात खोटे इंडियन आहेत आणि आम्ही चुकीचे इंडियन आहोत. खऱ्यांना कोणी बोलावलंच नाही, तेही एक दार राहिलंच आहे." मिसेस व्हिटलॉक पहिल्या रांगेत होत्या. टाळ्या थांबल्यावरही त्या तशाच बसून राहिल्या.

त्या आठवड्यात त्या शेट्यांकडे चहाला आल्या. मी होतेच, नलिनीने आधारासाठी बोलावलं होतं. चिवड्यातली मिरची त्यांना लागली, ठसका, पाणी, धावपळ, सगळं झालं. मग डोळे पुसत त्यांनी थेट विचारलं, "तुम्हाला हे काम इतकं कशासाठी हवंय?" भाऊजींनी आपलं नेहमीचं सुरू केलं, इतिहास, क्रांती, व्यापारी वर्ग... तर नलिनीने त्यांना थांबवलं. नलिनी कमी बोलते, आणि इंग्रजी तर त्याहून कमी. तिने बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "हिज फादर डिड नॉट ओपन."

मलाही हे ठाऊक नव्हतं, एवढ्या वर्षांच्या घरोब्यात! मग भाऊजींनी सांगितलं. राजापुरात त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि बराचसा माल विलायती. परदेशी कापडाच्या होळ्या पेटत होत्या तेव्हाची गोष्ट. मिरवणूक दुकानापाशी आली, घोषणा झाल्या, आणि दुकानाच्या फळ्या आतून लावलेल्या. जुन्या दुकानांना दाराऐवजी उभ्या फळ्या असत, एकेक काढायच्या. लोक कितीतरी वेळ बाहेर उभे राहिले. फळी निघाली नाही. बाकीच्या दुकानदारांनी गठ्ठे आणून टाकले, शेट्यांचं दुकान तेवढं बंद. त्या जमावात शाळकरी भालू होता, मित्रांच्या खांद्यावर हात टाकून तोही ओरडत होता, 'बाहेर या, बाहेर या'. पुढे गावाने 'विलायती शेट्ये' हे नाव पाडलं ते कायमचं. बापलेकांत त्यानंतर कामापुरतं बोलणं उरलं. वडील वारले तेव्हा भाऊजी इथे होते... आणि ते गेले नाहीत. "मला एकदा," भाऊजी म्हणाले, "शेट्यांच्या घरातल्या माणसाने ते दार उघडलेलं बघायचंय. दुसऱ्या कोणाचं का असेना." मिसेस व्हिटलॉकनी चहा अजून थोडा मागून घेतला. नंतर त्यांचा फोन आला. "मिस्टर शेट्ये, माझ्या नवऱ्याचं त्या भाषणात कधीच लक्ष नसायचं, बिअर कधी मिळते याची वाट बघायचा. तुम्ही करा."

काय आनंद झाला म्हणून सांगू! सुधाकरने मंडळात फोनाफोनी केली, अपर्णा शिकागोहून रजा टाकून आली. येताना नवा व्हिडिओ कॅमेरा मागून आणला आणि रडवेल्या आवाजात एकच घोकत होती, "ओ माय गॉड, बाबा इज गोइंग टू बी अ फाउंडिंग फादर." गुडघ्यापर्यंत विजार, पांढरे मोजे, बकलांचे बूट आणि तो टोप! टोपाला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा, भाऊजींना शिंका यायच्या. नलिनीने उन्हात वाळवून बघितला, अत्तर लावून बघितलं, मग शेठ थोडे देवघरासारखे दरवळायला लागले. भाषण त्यांनी गाडीत, न्हाणीघरात, आमच्या बॅकयार्डात म्हणून म्हणून आमचे कान किटवले. 'वेअरहाऊस'मधला व काही केल्या ओठातून सुटत नव्हता. मी म्हटलं, "सरळ वखार म्हणा, कळेल त्यांना."

तो दिवस आला. गेल्या वर्षीचा चार जुलै. धक्का माणसांनी फुलला होता, आमचं मंडळ फेट्यांत, कारण फेट्यांवाचून आता गावाचं चालत नव्हतं. वखार म्हणजे जुन्या मासळीच्या गोदामाची दगडी खोली, तिला खरंखुरं जाड लाकडी दार. भाऊजी आत गेले, दार लागलं. सुधाकरने काठीने तीन ठोके दिले. आम्ही ओरडलो, "ओपन! ओपन!" ठरलं होतं असं की तिसऱ्या ठोक्याला शेठ बाहेर.

दार उघडलं नाही. सुधाकरने पुन्हा ठोकलं. काही नाही. लोक आधी हसले, मग हसणं बंद झालं. मिसेस व्हिटलॉक माझ्याकडे बघायला लागल्या. भाऊजींच्या हृदयाचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच झालं होतं आणि त्या खोलीत खिडकी नव्हती. "इज ही ओके?" अपर्णाने विचारलं, तिने कॅमेरा खाली घेतला होता. आमचं ओरडणं कधी थांबलं ते कळलंच नाही, इतक्या माणसांत नुसता समुद्राचा आवाज. मी नऊवारीचा काष्टा सावरत मागच्या दाराकडे धावायला निघाले, तेवढ्यात कडी वाजली.

दार अगदी हळू उघडलं. भाऊजी बाहेर आले, चेहरा पांढरा, टोप जरा कलता. ते भाषण, ज्याने आमचे कान किटले होते, त्यातला एक शब्द त्यांनी उच्चारला नाही. सुधाकरच्या हातात किल्ली ठेवली, "टेक इट," एवढंच म्हणाले, आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. दरवर्षी या जागी टाळ्या पडतात. या वेळी पडल्या नाहीत, लोक नुसते बघत राहिले... आणि मग जो काही आवाज उठला! मी ओरडले, कुंदा ओरडली, मिसेस व्हिटलॉक हातरुमाल हलवत ओरडल्या! आमच्या इथल्या सगळ्या वर्षांत एवढा आवाज मी ऐकला नाही.

पेट्या जळत होत्या तेव्हा मी त्यांना बाकावर बसवून नाडी बघितली. नाडी ठणठणीत! मग मात्र मी खवळले. "जीव घेतलात आमचा! आत करत काय होता?" त्यांनी टोप काढून मांडीवर ठेवला. "वहिनी, आतून ते ठोके कसे ऐकू येतात हे मला माहीतच नव्हतं. मी कायम बाहेर होतो ना... आत अंधार असतो, आणि बाहेर आपलीच माणसं ओरडत असतात. मला वाटलं होतं, शेठ कसे बाहेर आले ते आज कळेल. ते नाही कळलं. बाबा का नाही आले, ते कळलं." एवढं बोलून ते रडले, आणि मी त्यांना रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी राजापूरला फोन लावला. तिथे थोरला भाऊ असतो, त्यांचा दादा, त्या दिवशी वडिलांबरोबर दुकानात आत होता. लाइन कशीबशी लागली, ऑपरेटर, खरखर, दोन्हीकडून बोंबाबोंब. मी दुधाचं भांडं परत करायला गेले होते, तर भाऊजी फोनवर ओरडताहेत, "दादा, त्या दिवशी बाबा आत काय करत होते? आत! आत!" मग ऐकत राहिले. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळले ते असे, जणू लॉटरी लागलीय. "वहिनी! दादा म्हणतो, बाबा सगळा वेळ फळीला हात लावून उभे होते. दोनदा फळीची आतली कडी काढली नि परत लावली. लोक गेले तरी तिथेच उभे होते. वहिनी, म्हणजे उघडणारच होते ना?" आता मला काय ठाऊक? राजापूर मी बघितलेलंही नाही. पण मी ठासून म्हटलं, "उघडणारच होते. लोकांनी घाई केली." ते इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्या हाताने मला चहा करून दिला, बेचव.

त्यानंतरचे दहा महिने मी त्यांना दुःखी असं बघितलं नाही. मंडळात, लायब्ररीत, न्हाव्याकडे ते आता शेठबरोबर वडिलांच्याही गोष्टी सांगायला लागले. वडील कापड कसं फाडायचे, गिऱ्हाइकाला गूळपाणी दिल्याशिवाय माल कसा दाखवायचे नाहीत, काय काय! मेमध्ये एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. नलिनी म्हणते, चेहऱ्यावर काही त्रास नव्हता. मीही बघितला तो चेहरा. खरं आहे.

यंदा चार जुलैला जायचं की नाही, नलिनी ठरवत नव्हती. शेवटी मीच तिला हाताला धरून नेलं. शेठचं काम यंदा मिसेस व्हिटलॉकच्या भाच्याकडे होतं, इन्शुरन्स विकणारा, गुलाबी गालांचा, गमत्या पोरगा. भाऊजींना त्याने कधी बघितलंही नसावं. तो आत गेला, दार लागलं. सुधाकरने ठोके दिले. आम्ही ओरडलो. दार उघडलं नाही. मी चमकून मिसेस व्हिटलॉककडे बघितलं, तर त्या समोर बघत हळूच म्हणाल्या, "आता ते असंच असतं. मी त्याला सांगितलंय, लगेच यायचं नाही." सगळा धक्का हळूहळू गप्प झाला. आमच्या पुढची एक पोरगी आईला विचारत होती, तो बाहेर का येत नाही, आणि आई म्हणाली, "श्श, ही इज थिंकिंग." माझ्या बाजूला नलिनी पदराचं टोक मुठीत धरून त्या दाराकडे बघत होती. अगदी हलक्या आवाजात, स्वतःशीच म्हणाली, "येतील... येतील आता."

कडी वाजली. दार उघडलं आणि तो इन्शुरन्सवाला पोरगा किल्ली घेऊन बाहेर आला. सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली ती नलिनीने.